८८ टक्क्यांचा बाऊ



मार्च २०१५ मध्ये दिल्लीत भरलेल्या ‘ऊर्जा संगम’ परिषदेत पंतप्रधानांनी एक उद्दिष्ट जाहीर केले. त्या वेळी आपण लागणाऱ्या तेलापैकी सुमारे ७७ टक्के तेल बाहेरून आणत होतो. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवापर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, हे प्रमाण दहा टक्क्यांनी खाली आणायचे ठरले. २०२२ उजाडले तेव्हा ते ६७ वर उतरायचे सोडून ८५ च्या पुढे गेले होते, आणि २०२३-२४ मध्ये ते ८८ ला टेकले. कारण उघड आहे. त्या वर्षी देशाने २३ कोटी ४० लाख टनांच्या आसपास पेट्रोलियम पदार्थ वापरले आणि आपल्या भूमीतून व समुद्रातून कच्चे तेल काढले ते जेमतेम २ कोटी ९४ लाख टन. २०११-१२ मध्ये हेच उत्पादन ३ कोटी ८० लाख टन होते. मागणी चढत गेली, विहिरी आटत गेल्या, आणि उद्दिष्ट कागदावर राहिले. त्यावरून सरकारला बोल लावणे सोपे आहे, पण माझा आक्षेप त्याच्याही आधीचा आहे. हे उद्दिष्ट साधले असते तरी देश फारसा सुरक्षित झाला नसता, कारण मोजायची गोष्ट ती नव्हतीच.

आयातीची टक्केवारी एवढे सांगते की माल कुठून येतो. तो अडला किंवा महागला तर काय होईल, हे ती सांगत नाही. पुण्या-मुंबईतले जवळजवळ प्रत्येक घर आपले शंभर टक्के धान्य बाजारातून आणते. म्हणून त्या घराला कोणी उपासमारीच्या उंबरठ्यावर उभे आहे असे म्हणत नाही. आपण विचारतो ते वेगळेच: पगार नियमित आहे का, दुकाने दोन-चार आहेत की एकच, डब्यात किती दिवसांचे आहे, आणि गहू कडाडला तर घरातली माणसे ज्वारी-तांदळावर भागवतील का. देशाच्या तेलाबाबतही हेच प्रश्न आहेत. त्यांतला शेवटचा, म्हणजे पर्यायाचा प्रश्न, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि आपल्याकडे सर्वांत कमी विचारला जातो.

पुरावा आपल्याच इतिहासात आहे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हाय इथे, ‘सागर सम्राट’ या जहाजाने १९७४ मध्ये तेल शोधले, १९७६ मध्ये ते वाहू लागले आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर देश आपल्या गरजेचे दोन-तृतीयांशाहून अधिक तेल स्वतः काढत होता. १९९०-९१ मध्येही उत्पादन ३ कोटी ३० लाख टन आणि वापर साडेपाच कोटी टन, म्हणजे परावलंबन ४० टक्क्यांच्या आसपास होते. टक्केवारीवर विश्वास ठेवायचा तर तो आपला सुरक्षित काळ. पण २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले, काही आठवड्यांत तेलाचे भाव दुपटीपलीकडे गेले, आणि आपल्या तेलाच्या बिलात त्या वर्षी सुमारे दोन अब्ज डॉलरची भर पडली. आजच्या मानाने चिल्लर वाटावी अशी ही रक्कम, पण तेव्हा देशाची संपूर्ण निर्यात १८ अब्ज डॉलर होती. आखातातून घरी पैसे पाठवणारी माणसेच विमाने भरभरून परत आणावी लागली. गंगाजळी दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, आणि जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून परदेशी तारण म्हणून गेले. आता २०२२ पाहा. परावलंबन दुपटीहून जास्त. युक्रेनच्या युद्धामुळे जूनमध्ये आपल्याला पडणाऱ्या तेलाचा सरासरी भाव पिंपामागे ११६ डॉलर, आणि वर्षाचे कच्च्या तेलाचे बिल दीडशे अब्ज डॉलरच्या वर. चटके बसलेच. रुपया ७५ वरून ८३ पर्यंत घसरला आणि परकीय चलनाचा साठा शंभर अब्ज डॉलरहून अधिक आटला. पण तो आटल्यावरही सव्वापाचशे अब्ज डॉलर शिल्लक होते, माल आणि सेवांची निर्यात मिळून साडेसातशे अब्ज डॉलरच्या वर होती, आणि सोने तारण ठेवायची भाषा कोणी केली नाही.

यावर अर्थशास्त्राचा कोणीही जाणकार म्हणेल की १९९१ चे संकट तेलाचे नव्हतेच. केंद्राची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांजवळ पोचली होती, अल्पमुदतीची परदेशी कर्जे वाढली होती, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेत होते. तेलाने फक्त ठिणगी टाकली. आक्षेप बरोबर आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या बाजूचाच आहे. ४० टक्के परावलंबी देश मोडकळीला येतो आणि ८७ टक्के परावलंबी देश तग धरतो, तर दुबळेपणा त्या टक्क्यांत नसून आसपासच्या अर्थव्यवस्थेत शोधायला हवा.

या बाबतीत जपानइतके बोलके उदाहरण नाही. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि तीन डॉलरचे पिंप जानेवारीपर्यंत साडेअकरा डॉलरच्या वर गेले. त्या वेळी जपान आपले ९९ टक्क्यांहून अधिक तेल आयात करत होता आणि देशाच्या एकूण ऊर्जेपैकी तीन-चतुर्थांश ऊर्जा या एकाच इंधनातून येत होती. ओसाकाजवळच्या वसाहतींत बायका टॉयलेट पेपरसाठी दुकानांपुढे रांगा लावू लागल्या, कारण तेल संपले की कागदही संपणार अशी आवई उठली होती. १९७४ मध्ये महागाई २० टक्क्यांवर गेली आणि युद्धानंतर प्रथमच त्या देशाची अर्थव्यवस्था आकसली. पुढे जपानने काय केले? तेल शोधले नाही, कारण शोधायला तेल नव्हतेच. विजेच्या केंद्रांतले तेल हटवून तिथे द्रवरूप वायू, कोळसा आणि अणुइंधन आणले. १९७९ मध्ये ऊर्जाबचतीचा कायदा करून कारखान्यांवर ऊर्जा-व्यवस्थापक नेमण्याची सक्ती केली. जे उद्योग स्वस्त तेलाच्या विजेवर उभे होते ते मरू दिले; अॅल्युमिनियम वितळवण्याचा तिथला प्रचंड उद्योग दीड दशकात जवळजवळ नामशेष झाला आणि जपान तो धातू बाहेरून घेऊ लागला. २०१० पर्यंत एकूण ऊर्जेतला तेलाचा वाटा ४० टक्क्यांजवळ आला होता. आयातीची टक्केवारी? ती तेव्हाही ९९ च्या वर, आजही तितकीच. आपल्या मोजपट्टीने जपानची प्रगती शून्य भरेल. अर्थात तिथे सगळे निर्धास्त आहे असे नाही. त्यांचे कच्चे तेल अजूनही बहुतांश आखातातूनच येते, आणि म्हणूनच सरकारी व खासगी मिळून दोनशे दिवसांच्या आसपासचा साठा तो देश बाळगून असतो.

आता उलटा पुरावा. उत्तर समुद्रातल्या तेलामुळे ब्रिटन १९८० च्या सुमारास स्वयंपूर्ण झाला आणि १९९९ मध्ये त्याचे उत्पादन शिखरावर होते. त्यानंतर वर्षभरातच, सप्टेंबर २००० मध्ये, डिझेलच्या भावाने चिडलेल्या शेतकऱ्यांनी आणि मालवाहतूकदारांनी तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या दारात ट्रॅक्टर-ट्रक उभे केले. आठवड्याभरात देशातले बहुतेक पंप कोरडे पडले, रुग्णालयांनी नेहमीच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, दुकानांत पाव मोजून मिळू लागला. तेल निर्यात करणारा देश हा! समुद्रात तेल होते, टाक्यांत होते, पण ते रस्त्याने पंपावर पोचण्याला पर्याय नव्हता आणि पंपावाचून चालणारे फारसे काही देशात उरले नव्हते. अमेरिकेचेही तसेच. २०२० पासून तो देश जितके पेट्रोलियम आणतो त्याहून अधिक विकतो. तरी जून २०२२ मध्ये तिथे पेट्रोल प्रथमच गॅलनला पाच डॉलरवर गेले आणि त्याआधीच सरकारला राखीव साठ्यातून १८ कोटी पिंपे काढायचा निर्णय घ्यावा लागला होता. तेलाची बाजारपेठ जगाची एकच. स्वतःच्या विहिरीतले तेलही मालक जगाच्याच भावाने विकतो. आपल्याकडे १ जुलै २०२२ रोजी देशी कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा जादा कर बसवला गेला, तो याच कारणाने: युद्ध युक्रेनमध्ये चालले होते आणि घबाड मुंबई हायच्या विहिरींना लागले होते.

म्हणून देशात तेल शोधूच नये, असे मी म्हणतो आहे का? मुळीच नाही. देशात निघालेला प्रत्येक टन परकीय चलन वाचवतो, रोजगार देतो, सरकारला स्वामित्वधन देतो. व्यापार म्हणून तो उत्तम आहे. मला शंका आहे ती त्याला विमा समजण्याबद्दल. मुंबई हाय पन्नाशीला आले आहे. अशा क्षेत्रात खडकातला दाब घटत जातो, तो टिकवायला पाणी आत ढकलावे लागते, आणि मग तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढत जाते. २०२५ च्या सुरुवातीला ओएनजीसीने या क्षेत्राची घसरण रोखण्यासाठी ‘बीपी’ या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक मदत घ्यायचे ठरवले, यावरून काम किती जिकिरीचे आहे ते कळते. शिवाय आपले म्हणून ते अपघातातून सुटत नाही. २७ जुलै २००५ रोजी, म्हणजे मुंबई पाण्याखाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. उपचारासाठी त्याला ‘बॉम्बे हाय नॉर्थ’ या फलाटावर चढवायला जहाज जवळ आले, उसळत्या लाटांनी ते फलाटाच्या बाजूने जाणाऱ्या वायुवाहिनीवर आदळले, गळणाऱ्या वायूने पेट घेतला आणि दोनेक तासांत सगळा फलाट समुद्रात कोसळला. २२ माणसे गेली. देशाच्या उत्पादनाचा लक्षणीय हिस्सा एका दुपारी बंद पडला. ती तूट आयातीने भरून निघाली. त्या दिवशी विम्याचे काम परदेशी तेलाने केले.

सर्वांत गंभीर आक्षेप युद्धाचा आहे. पैसा असून उपयोग काय, जहाजच आले नाही तर? होर्मुझच्या सामुद्रधुनीतून रोज सुमारे दोन कोटी पिंपे, म्हणजे जगाच्या वापराच्या एक-पंचमांश तेल जाते. ऐंशीच्या दशकात इराण-इराक युद्धात तिथे शेकडो जहाजांवर हल्ले झाले. हा धोका टक्केवारीने खरोखर वाढतो, हे मला मान्य आहे. पण त्याचे उत्तर टक्केवारी ८८ वरून ७८ वर आणण्यात आहे का? पुरवठा महिनाभर अडला तर जास्तीच्या दहा टक्क्यांनी तीन दिवसांची सोय होईल. साठा त्याहून खूप जास्त दिवसांची करतो. आपल्याकडे विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे खडकात कोरलेल्या गुहांत ५३ लाख ३० हजार टन कच्चे तेल मावते. कागदोपत्री ते साडेनऊ दिवसांचे, तेल कंपन्यांकडचा माल धरून एकूण ७४ दिवसांचे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था आपल्या सदस्य देशांकडून निव्वळ आयातीच्या ९० दिवसांइतका साठा मागते. एप्रिल २०२० मध्ये जगात तेलाला गिऱ्हाईक उरले नव्हते तेव्हा आपण या गुहा भरून घेतल्या आणि सुमारे पाच हजार कोटी रुपये वाचवले. शहाणपणाचाच निर्णय, फक्त गुहाच अपुऱ्या होत्या. ओडिशातल्या चंडीखोल इथे आणि पादूरला नव्या गुहांना मंजुरी मिळाली २०२१ मध्ये, म्हणजे ती स्वस्ताई सरून गेल्यावर.

आणि कच्च्या तेलाच्या या चर्चेत सिलिंडर कोणाला आठवतच नाही. स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के आपण आयात करतो. म्हणजे ‘८८’ पेक्षा प्रकृती बरी! पण हा गॅस जवळजवळ सगळा आखातातून येतो. कच्चे तेल रशियाकडून, आफ्रिकेकडून, ब्राझीलकडून मिळू शकते. गॅसचे असे ऐन वेळी जमत नाही, कारण त्याला वेगळी जहाजे, वेगळे धक्के, वेगळ्या टाक्या लागतात. देशाला रोज सुमारे ८० हजार टन गॅस लागतो, आणि विशाखापट्टणमच्या भूमिगत गुहेत तो मावतो ६० हजार टन, म्हणजे एका दिवसालाही पुरणार नाही इतका. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने दहा कोटींवर जोडण्या दिल्या. धुरातून सुटका झाली हे मोठे काम झाले, यात वाद नाही. पण त्याच वेळी चुलीचा पर्याय घराघरांतून निघून गेला आणि त्या जागी नवा बसवला गेला नाही. शहरांत नळाचा गॅस आणि विजेची शेगडी हे पर्याय आहेत; तालुक्याच्या गावी वीज संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेलाच दगा देते. २०२२ मध्ये भाव चढले तेव्हा ते पूर्णपणे गिऱ्हाइकावर टाकणे सरकारला शक्य झाले नाही आणि तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना गॅसच्या तोट्यापोटी २२ हजार कोटी रुपये द्यावे लागले. साठ टक्क्यांचा हा धोका मला अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या धोक्यापेक्षा मोठा वाटतो.

कच्च्या तेलात आपली मान तितकी अडकलेली नाही, हे गेल्या काही वर्षांत दिसून आले. युक्रेन युद्धापूर्वी रशियाचे तेल आपल्या आयातीत दोन टक्केही नव्हते. २०२३-२४ पर्यंत ते एक-तृतीयांशाच्या वर गेले. जामनगरसारखे तेलशुद्धीकरण कारखाने जड, गंधकयुक्त, मिळेल ते तेल पचवतात म्हणून हे शक्य झाले, आणि ही पचनशक्ती उभारायला दोन दशके गुंतवणूक झाली होती. त्याची राजकीय किंमतही मोजावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच खरेदीवरून भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लादले. इचलकरंजीच्या कापडाला किंवा कोकणातल्या कोळंबीला मॉस्कोच्या तेलाचा भुर्दंड, असा हा प्रकार. दुकान बदलता येते, पण बदलल्याबद्दल कोणीतरी रागावतेच.

तरी साठा आणि पुरवठादार यांनी वेळ मिळतो, सुटका होत नाही. सुटका वापराच्या बाजूला आहे, आणि तिथे आपले लक्ष चुकीच्या जागी आहे. मोटारींची चर्चा फार होते, पण पेट्रोल हा एकूण वापराचा जेमतेम सहावा हिस्सा. डिझेल मात्र ३८ टक्क्यांच्या घरात आहे आणि त्याचा मोठा भाग ट्रक जाळतात. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातला चार-पंचमांशाहून अधिक माल रेल्वेने जात असे. आज तो वाटा एक-तृतीयांशाहून कमी आहे. तेलाचे खरे परावलंबन या सात दशकांच्या घसरणीत आहे, कारण रेल्वेच्या रुळांवरून विजेने जाणारा माल कोळशावर, पाण्यावर, उन्हावर, कशावरही जातो आणि रस्त्यावरचा जवळजवळ एकाच इंधनावर. कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत सपाट वाघिणींवर चढवून नेते. तिचा मार्ग २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आला, म्हणजे तो ट्रक तेवढी घाटांची वाट डिझेलचा थेंब न जाळता पार करतो. ही सेवा अजून मोजक्या पट्ट्यांतलेच नवल आहे. मालगाड्यांसाठी बांधलेल्या दादरी ते जेएनपीटी या पश्चिम मार्गिकेचा सर्वांत शेवटपर्यंत रेंगाळलेला तुकडा कोणता, तर वैतरणा ते जेएनपीटी. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या कंटेनर बंदरांपैकी एकाच्या दारातले शंभर किलोमीटर. त्या शंभर किलोमीटरांच्या विलंबावर विधिमंडळात कधी गदारोळ झाल्याचे ऐकिवात नाही.

इथेनॉलचा मुद्दा महाराष्ट्रात टाळता येणार नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रण २०२५ मध्ये साधले, आणि त्याने चलन वाचते हे खरे. पण ते पेट्रोलमध्ये मिसळते, डिझेलचा डोंगर तसाच राहतो. आणि ७ डिसेंबर २०२३ ला काय झाले ते साखर कारखानदारांना पाठ आहे: पाऊस कमी, उसाचा अंदाज खाली, साखर महागण्याची भीती, म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी आणली. आठवड्याभराने ती थोडी सैल केली, पण कर्ज काढून आसवन्या उभारलेल्यांची झोप उडालीच. आखाताच्या लहरीऐवजी मोसमी पावसाची लहर, एवढाच फरक. टक्केवारीत मात्र ही स्वदेशी प्रगती म्हणून मोजली जाते.

तेलावर अवलंबून असणाऱ्यांत सरकारही आहे, हे सहसा कोणी बोलत नाही. २०२० मध्ये जगातले भाव कोसळले तेव्हा केंद्राने पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरला ३२ रुपये ९८ पैशांवर आणि डिझेलवरचे ३१ रुपये ८३ पैशांवर नेले; राज्यांचा व्हॅट वेगळा. इतके हुकमी उत्पन्न देणारे इंधन लवकर कमी व्हावे असे कोणत्या वित्तमंत्र्याला मनापासून वाटेल? आयात कमी करण्याची घोषणा परवडते, कारण ती विहिरींवर सोपवता येते. वापर कमी करायचा तर आपलाच गल्ला हलका करावा लागतो.

शेवटचा आक्षेप विजेच्या वाहनांविषयी: आखात सोडून चीनच्या दारात जायचे, यात काय मिळवले? बॅटऱ्यांचे घट, सौर पत्रे, मोटारींतली चुंबके, सगळे तिथूनच येते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदाधातूंच्या चुंबकांवर निर्यातनिर्बंध घातले आणि काही महिन्यांत आपल्याकडच्या इलेक्ट्रिक दुचाकींच्या उत्पादनाला फटका बसला. ही अडचण खरी आहे आणि तिच्यासाठी देशात कारखाने हवेतच. पण दोन्ही अडवणुकींचा परिणाम शेजारी ठेवून पाहा. चुंबके अडली तेव्हा नव्या गाड्या उशिरा निघाल्या. आधी विकलेल्या गाड्या चालत राहिल्या, आणि बॅटरी टिकेल तितकी वर्षे चालत राहतील. तेल अडले तर दहा वर्षांपूर्वी घेतलेला ट्रकही आठवड्यात उभा राहतो. वर्षभराला पुरतील एवढी चुंबके मोजक्या गोदामांत ठेवता येतात. वर्षभराचे तेल ठेवायचे म्हटले तर पादूरएवढी साठवण देशात नव्वदहून अधिक ठिकाणी कोरावी लागेल.